मदत हवी आहे: कडक धार्मिक वळणाच्या घरांतल्या मुलांना पडताळून पाहायची सवय कशी लावावी?

रेघोटी:
नववीचा वर्ग, पुणे जिल्हा. बरीच घरं माळकरी, काही मुस्लिम, काही जैन. मोठ्यांना उलट विचारायची पद्धत कुठल्याच घरात नाही. 'ग्रहणात अन्न दूषित होतं का?' विचारलं की वर्ग गप्प. पेपरात मात्र सगळे 'ही अंधश्रद्धा आहे' लिहून मार्क घेतात. घरची श्रद्धा मोडायची नाही, पण तपासायची सवय लागायला हवी. आठवड्याला एक तास मिळतो. सुरुवात कुठून करू?

शंकू:
ग्रहणापासून नको. मुलाला तो प्रश्न 'तुझी आजी चुकते ना?' असा ऐकू येतो. सगळ्या वर्गासमोर त्याला कोण हो म्हणेल?

पहिला तास आकड्यांना द्या. फळ्यावर २, ४, ६ लिहा. नियम चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा: पुढचा आकडा मागच्यापेक्षा मोठा, एवढंच. मुलांनी तीन-तीन आकडे सुचवायचे, तुम्ही फक्त 'बसतं' किंवा 'बसत नाही' म्हणायचं. बहुतेक जण ८, १०, १२ असलंच देतात आणि 'दोन-दोनने वाढतं' हे पक्कं धरतात. मग विचारा, बसणार नाहीत असं वाटणारे आकडे मुद्दाम कुणी देऊन पाहिले? मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांचा हा १९६० सालचा प्रयोग आहे. उत्तर लवकर फोडलंत तर तास फुकट जाईल.

डिसेंबरात काठी रोवा. 'संक्रांतीला उत्तरायण सुरू होतं' हे घरोघरी म्हणतात आणि ते मोजता येतं. सपाट जागी १ मीटरची काठी ओळंबा लावून उभी करा. १ डिसेंबर ते १४ जानेवारी, आठवड्यातून एकदा, १२.१५ ते १२.५० दर पाच मिनिटांनी सावलीचं टोक खडूने टिपा आणि सर्वांत आखूड सावली वहीत घ्या. पुण्याच्या अक्षांशावर १ डिसेंबरला ती साधारण ८५ सेंमी भरते, २१-२२ तारखेला ९०, संक्रांतीला ८४. सावली सर्वांत लांब होऊन घटू लागली की सूर्य उत्तरेकडे वळला. म्हणजे संक्रांतीच्या तीन आठवडे आधीच तो वळलेला असतो.

चुका ठरलेल्या आहेत. घड्याळात बारा वाजले म्हणून तेव्हाच मोजतात, पण या दिवसांत पुण्यात सूर्य सर्वांत उंच १२.२५ ते १२.४५ च्या दरम्यान येतो. सावलीचं टोक पुसट असतं, तेव्हा पुसट पट्ट्याचा मध्य घ्या. रोज मोजू नका, २१च्या आसपास फरक दिसतच नाही आणि मुलं कंटाळतात.

तफावत दिसली की 'पंचांग खोटं' हा शब्द तुमच्या तोंडून येऊ देऊ नका. संक्रांत निरयन राशीवरून, म्हणजे स्थिर ताऱ्यांच्या संदर्भाने ठरते; सूर्याचं वळण सायन गणनेचं, म्हणजे ऋतूंशी बांधलेलं. अयनचलनामुळे (पृथ्वीचा आस हळूहळू डुलतो त्यामुळे) साधारण ७२ वर्षांत एक दिवस असं दोघांतलं अंतर वाढत गेलं. पंचांगकर्त्यांना हे ठाऊक आहे. हे कळलं की मुलाला घर आणि वही यांतलं एक निवडावं लागत नाही.

कोर:
मुस्लिम मुलांसाठी चाँद, म्हणजे रमजान-ईदची चंद्रकोर पाहणं, घ्या. अमावास्येची वेळ गणिताने मिनिटापर्यंत कळते, तरी त्याच संध्याकाळी कोर दिसेलच असं नाही. सूर्यास्ताला चंद्र क्षितिजापासून किती वर, सूर्यापासून किती लांब, ढग होते का, पाहणारे किती जण? कोर पाहिल्याच्या साक्षीची अशी उलटतपासणी त्यांच्याकडे आधीपासून होते, तिचाच धागा धरा.

रेघोटी:
काठी नक्की करते. पण ग्रहण कधी घ्यायचं? आणि पालक आले तर?

शंकू:
ग्रहण सगळ्यात शेवटी, तेही दोन रकाने करून. 'अन्न लवकर आंबतं' हे तपासता येतं, 'ग्रहणात जप केल्याने पुण्य लागतं' हे येत नाही. दुसऱ्या रकान्याला हात लावू नका. खात्री विचारायची तर बिननावाच्या चिठ्ठीवर, ० ते १० आकड्यांत, आणि शेजारी एक ओळ: 'काय दिसलं तर हा आकडा बदलेन?'

पालकांसमोर घटनेचं कलम नाचवू नका. ५१क(ज) मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन हे मूलभूत कर्तव्य आहेच, पण ते मुख्याध्यापकांच्या फाइलला जोडा. पालकांना मोजणीच्या दिवशी सव्वाबाराला मैदानावर बोलवा आणि टेप त्यांच्या हातात द्या.