पास होणं म्हणजे शिकणं नव्हे

सर्वेक्षणात मुलाखती घेणाऱ्यांना संशोधनातली नीती शिकवणाऱ्या ऑनलाइन कोर्सनंतरच्या चाचणीत सगळे पास, म्हणजे प्रशिक्षण यशस्वी, असं काहीजण म्हणतात. मला हे पटत नाही. प्रशिक्षणाचा उपयोग झाला का हे तपासायच्या कर्कपॅट्रिक यांच्या पद्धतीत चार पायऱ्या आहेत: प्रतिक्रिया, शिकणं, वागणुकीतला बदल, परिणाम. चाचणी दुसरीवरच थांबते.

गोव्यात केप्यातल्या आमच्या सर्वेक्षणात प्रमाणपत्र मिळवलेली सहकारी सासूदेखत सुनेला नवऱ्याच्या मारहाणीबद्दल विचारत होती. संमतीपत्रावर सही होती, पण ते मराठीतून वाचलेलं आणि ती सून बोलत होती कोंकणी. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, संशोधन-नीतीवरच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांत सामाजिक-वर्तनविषयक संशोधनावर स्वतंत्र विभाग आहे. तो वाचूनही हे घडलं. त्या सुनेचा चेहरा अजून आठवतो.

म्हणून महिन्याभराने कुणीतरी सोबत जाऊन मुलाखत ऐकावी. आणि तीच चाचणी कोर्सआधीही घ्या, नाहीतर कोर्सने काय शिकवलं ते कळणार कसं?