‘आयन-निवडक’ की ‘आयन-निवडक्षम’?

प्रश्न (फोंडा): विहिरीच्या पाण्यातलं नायट्रेट मोजणाऱ्या विद्युत-रासायनिक संवेदकांवर मराठीत टिपण लिहिते आहे. ‘आयन-सिलेक्टिव्ह इलेक्ट्रोड’ला ‘आयन-निवडक इलेक्ट्रोड’ म्हटलं तर चालेल का? आणि इलेक्ट्रोडच्या टोकावरच्या पातळ पडद्याबद्दल ‘नवं पटल अधिक संवेदनशील आहे’ हे वाक्य बरोबर आहे ना?

उत्तर (म्हापसा): ‘निवडक’ नको. ‘निवडक कविता’ म्हणजे निवडलेल्या कविता. इथे निवडण्याचं काम पटल करतं, म्हणून ‘निवडक्षम’ आणि गुणधर्माला ‘निवडक्षमता’. ‘वरणक्षमता’ही काही जण लिहितात, पण वाचकाला आधी वरण-भात आठवतो.

दुसरं वाक्य मात्र बदलाच. २५ अंश सेल्सिअसला संहती (द्रावणातलं आयनाचं प्रमाण) दहापट झाली की नायट्रेटसारख्या एकभारी आयनासाठी विभव (व्होल्टेज) ५९.२ मिलिव्होल्टने बदलतो, द्विभारीसाठी २९.६ ने. संवेदनशीलता म्हणजे हाच उतार. तो नेर्न्स्टच्या समीकरणाने ठरलेला आहे, पटल बदलून तो वाढत नाही. सुधारता येते ती निवडक्षमता आणि शोधसीमा, म्हणजे किती कमी संहतीपर्यंत वाचन भरवशाचं राहतं ते. एकभारी आयनाचा उतार ५० च्या खाली गेला तर पटलातलं प्लास्टिसायझर (पटल मऊ ठेवणारा द्रव) आणि आयन-विनिमयक (आयनाला धरणारा घटक) धुऊन गेलं असण्याची शक्यता धरा.

उत्तर (दिवाडी): एक पुरवणी. तांदूळ निवडले की खडे उरत नाहीत असं आपण धरतो. पटल इतकं कडक निवडत नाही, नुसतं प्राधान्य देतं. नायट्रेटच्या पीव्हीसी पटलात चतुर्थक अमोनियम क्षार असतो. त्याला नायट्रेट अधिक मानवतं, पण थोडं क्लोराइडही चालतं.

खाजणालगतच्या, म्हणजे भरतीचं खारं पाणी येणाऱ्या सखल जमिनीजवळच्या विहिरींत हीच खरी अडचण. उन्हाळ्यात क्लोराइड लिटरला १००० मिलिग्रॅम, म्हणजे २८ मिलिमोल असेल आणि निवडक्षमता-गुणांक (नायट्रेटच्या तुलनेत पटल क्लोराइडला किती दाद देतं ते) ०.००५ असेल, तर ०.१४ मिलिमोल खोटं नायट्रेट दिसतं, म्हणजे जवळपास ९ मिलिग्रॅम. खरं नायट्रेट ४० असलं तरी वाचन ४९ येतं आणि पिण्याच्या पाण्याची लिटरला ४५ मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडलेली नसताना विहीर नापास होते. अशा १०० मिलिलिटर नमुन्यात साधारण ०.४४ ग्रॅम सिल्व्हर सल्फेट घालून ढवळा, पांढरा साका गाळा, मग २ मोलर अमोनियम सल्फेट २ मिलिलिटर घाला. प्रमाण-द्रावणांतही (ज्यांची संहती आधीच माहीत असते त्यांत) तेवढंच घाला. संदर्भ इलेक्ट्रोड (ज्याच्या तुलनेत विभव मोजतात तो) दुहेरी संधीचा, म्हणजे दोन कप्प्यांचा घ्या आणि बाहेरच्या कप्प्यात अमोनियम सल्फेटच भरा. तिथे पोटॅशियम क्लोराइड भरलं तर काढलेलं क्लोराइड परत झिरपतं.

प्रश्न (फोंडा): छान, निवडक्षमता पक्कं. ‘ड्रिफ्ट’ला काय लिहू?

उत्तर (म्हापसा): ‘वाचन सरकणं’. ‘बदलणं’ नको, कारण नमुना तोच असतो. एकभारी आयनात १ मिलिव्होल्ट सरकलं की संहतीत सुमारे ४ टक्के चूक पडते. घन-स्पर्शी (आत द्रव न भरलेल्या) संवेदकात पटलाखाली पाण्याचा पातळ थर साचला की वाचन तासन्‌तास सरकत राहतं. दर काही नमुन्यांनंतर एक प्रमाण-द्रावण पुन्हा मोजून पाहा.