'सिव्हिल सोसायटी'ला मराठीत काय म्हणाल?

अर्धवटराव: कुवेतवरच्या एका लेखाचं भाषांतर करतोय. त्यात पानोपानी 'सिव्हिल सोसायटी' आहे, म्हणजे सरकारबाहेर लोकांनी आपणहून चालवलेल्या संस्था, संघटना, गट. मी 'नागरी समाज' लिहिलं, तर बायको म्हणाली, "म्हणजे शहरात राहणारे लोक?" तिथेच अडलोय.

खडीसाखर: वहिनींचं बरोबर आहे. नागरी म्हटलं की मला बुडालेली सहकारी बँक आठवते, आणि तिच्यात अडकलेली आत्याची ठेव.

वाळवंटी: अरबीत 'मुज्तमा मदनी' म्हणतात. मदनी हे मदिनावरून, आणि मदिना म्हणजे शहर. नगरावरून नागरी, अगदी तसंच. तेव्हा 'नागरी'ला उगाच हिणवू नका.

शुद्धमती: अरबांनी काय केलं ते अरबांपाशी. 'लोकसंस्था' हा स्वच्छ शब्द असताना कसरत कशाला?

अर्धवटराव: संस्था म्हटली की नोंदणी आली. कुवेतमध्ये 1962 च्या कायद्यानुसार संस्थेला सरकारी परवाना लागतो. राजकीय पक्षांना तर कायदेशीर मान्यताच नाही. मग परवान्याबाहेर जे चालतं ते कुठे बसवू?

खडीसाखर: सिव्हिल कोर्ट म्हणजे दिवाणी. मग 'दिवाणी समाज' म्हणा :)

वाळवंटी: थट्टेत नेमकं बोललात! मी तिथे अकरा वर्षं काढली. घराला लागून बैठकीची खोली असते, ती 'दिवाणिया'. भिंतीकडेने गाद्या, चहा, आणि बहुतेक पुरुषच. घटनेच्या 44 व्या कलमानुसार खासगी बैठकीला परवानगी लागत नाही. 1986 मध्ये अमिरांनी, म्हणजे तिथल्या राज्यकर्त्यांनी, संसद गुंडाळली, तेव्हा 1989 च्या अखेरीस माजी खासदार दर सोमवारी अशाच दिवाणियांत जमून ती परत मागू लागले. पोलिस आडवे आले, तरी.

शुद्धमती: म्हणजे आपला दिवाणखानाच की. पण दिवाण मुळात फारसी. वेड्यासारखे पुटपुटणारे कारकून पाहून राजा 'दिवाने' म्हणाला, त्यावरून.

खडीसाखर: ही गोष्ट कुणीतरी मागाहून रचलेली वाटते.

शुद्धमती: आमच्या सरांनी सांगितली होती.

अर्धवटराव: मे 2024 मध्ये संसद पुन्हा बरखास्त झाली, घटनेची काही कलमंही स्थगित आहेत. माझा लेख त्यावरच आहे. 'सोसायटी'च ठेवू का?

खडीसाखर: नको! आमच्या गावात सोसायटी म्हणजे पीककर्ज.

वाळवंटी: गंमत म्हणजे तिथेही तेच. 'जमिया' म्हणजे संस्था, पण रोजच्या बोलण्यात वस्तीतलं सहकारी किराणा दुकान. "जमियात जाऊन दही आण."

खडीसाखर: मग संचालकांची निवडणूक? पॅनल वगैरे?

वाळवंटी: होते ना, आणि चुरशीची. मत फक्त कुवेती भागधारकांना. आपण नुसतं दही आणायचं.