बारावीनंतर कॉग्निटिव्ह सायन्स: आत्ताच, की आधी एक विषय पक्का करून?

विश्रामबागकर

माझी भाची तासगावची. बारावी सायन्स झाली, गणित उत्तम आहे, आणि तिला कॉग्निटिव्ह सायन्स शिकायचंय. माणूस बघतो, ऐकतो, बोलतो, लक्षात ठेवतो, ठरवतो, हे नेमकं कसं होतं याचा मानसशास्त्र, संगणकशास्त्र, भाषाशास्त्र, मेंदूविज्ञान आणि तत्त्वज्ञान मिळून अभ्यास, असा हा विषय. घरचे म्हणतात, कॉम्प्युटर इंजिनिअरिंग कर, पुढचं पुढे बघू. नातेवाइकांत दोन तट पडलेत. मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो आणि माझं मत पक्कं आहे: तिने पदवीपासूनच या वाटेला लागावं.

का, ते सांगतो. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची जवारी लावताना बघा, म्हणजे तारेचा आवाज घुमावा म्हणून तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीची जुळणी करताना. कारागीर घोडीचा माथा कानशीने किंचित घासतो, तार छेडतो, कान देतो, परत घासतो. मग तार आणि घोडी यांच्यामध्ये दोरा सरकवतो. दोरा योग्य जागी आला की आवाज एकदम उघडतो आणि खर्जाच्या, म्हणजे सगळ्यांत खालच्या ‘सा’च्या तारेतून गंधार, म्हणजे ‘ग’, ऐकू येऊ लागतो. तो गंधार कुणी लावलेला नसतो. खर्जाच्या पाचपट कंपनसंख्येचा स्वर त्याच तारेत असतो, इथवर माझा विषय पुरतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली तंबोरा आणि वीणेच्या रुंद, वक्र घोडीवर लिहिलं होतं. छेडण्याच्या जागेमुळे जी कंपनं तारेत उमटायला नकोत, तीही या घोडीमुळे उमटतात. पण तो गंधार कारागिराला लख्ख ऐकू येतो आणि शेजारी उभ्या असलेल्या माझ्या विद्यार्थ्याला येत नाही. काही महिने गाणं शिकल्यावर त्याच मुलाला तो येऊ लागतो. हवा तीच, कान तेच. मग बदललं काय? इथे माझं पुस्तक संपतं. मानसशास्त्राचं एकट्याचंही पुरत नाही, कारण आधी कंपनं समजायला हवीत.

असे प्रश्न ज्या मुलीला अठराव्या वर्षी पडतात, तिला ‘चार वर्षं दुसरंच शिक, मग ये’ असं सांगणं मला पटत नाही. आणि संगणक हातचा जाईल म्हणून घाबरणाऱ्यांना एक आठवण. आजच्या एआयचं मूळ असलेलं परसेप्ट्रॉन, उदाहरणांवरून शिकणारी साधी रचना, १९५८ साली फ्रँक रोझेनब्लॅट या मानसशास्त्रज्ञाने मांडलं. न्यूरल नेटवर्कला, म्हणजे मेंदूच्या पेशींच्या जाळ्यावरून सुचलेल्या संगणकी रचनेला, शिकवायची जी रीत आज सगळीकडे वापरतात, ती १९८६च्या ज्या लेखामुळे रुळली त्याचा पहिला लेखक डेव्हिड रुमेलहार्ट, तोही मानसशास्त्रज्ञ. सहलेखक जेफ्री हिंटन, ज्यांना २०२४चं फिजिक्सचं नोबेल मिळालं, त्यांची पदवी प्रायोगिक मानसशास्त्राची.

मोकळेपणाने मतं सांगा. विरोधातली आधी सांगा.

पेठनाका

सर, विरोधातलं मीच सांगतो. मी इस्लामपूरचा, इंजिनिअरिंग सांगलीत केलं, आता पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. तुमचा जवारीचा मुद्दा मनापासून आवडला, पण त्यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. तुम्ही त्या गंधाराजवळ पोचलात ते फिजिक्स पक्कं होतं म्हणून. सुरुवातीलाच पाच विषयांची थोडी थोडी ओळख झाली असती तर ‘तारेत अतिस्वर, म्हणजे मूळ स्वराच्या पटीतले स्वर असतात’ एवढं एक वाक्य पाठ झालं असतं.

या क्षेत्राची सुरुवात ज्या दिवसापासून मोजतात, तो ११ सप्टेंबर १९५६. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात एकाच दिवशी मिलर, चॉम्स्की, आणि न्यूएल-सायमन यांनी आपापलं काम मांडलं. मिलर मानसशास्त्राचा, चॉम्स्की भाषाशास्त्राचा, सायमन राज्यशास्त्राचा. प्रत्येकाच्या हातात स्वतःचं एक हत्यार होतं, म्हणून एकमेकांशी बोलण्यात दम होता.

दुसरं. २०१९ साली राफाएल नुन्येझ आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर ह्यूमन बिहेविअर’ या जर्नलमध्ये लेख लिहिला. त्यांचं म्हणणं, कॉग्निटिव्ह सायन्स एकसंध शास्त्र म्हणून उभं राहिलंच नाही. जर्नलांत आणि अभ्यासक्रमांत बहुतेक जागा मानसशास्त्रानेच व्यापलीय. हे कुणा बाहेरच्याने लिहिलेलं नाही. नुन्येझ स्वतः कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो इथल्या कॉग्निटिव्ह सायन्स विभागातले, म्हणजे हा विषय स्वतंत्र विभाग म्हणून चालवणाऱ्या पहिल्या काही ठिकाणांपैकी एका ठिकाणचे.

भाचीने कॉम्प्युटर करावं. प्रश्न कुठे पळून जात नाहीत. गणिताचं वय मात्र निघून जातं.

पोवई नाका

मी साताऱ्यात बी.ए.ला मानसशास्त्र शिकवते. ‘कॉम्प्युटर करून मग मनाकडे वळा’ हा सल्ला मी दरवर्षी ऐकते आणि मला तो काळजीचा वाटतो. त्यात असं गृहीत धरलंय की गणित अवघड आणि मानसशास्त्र काय, कधीही वाचून काढता येईल.

आमच्या प्रात्यक्षिकात एक जुना प्रयोग असतो, स्ट्रूपचा, १९३५चा. कागदावर ‘लाल’, ‘हिरवा’, ‘निळा’ असे शब्द, पण शाई भलत्याच रंगाची. शब्द वाचायचा नाही, शाईचा रंग सांगायचा. मुलं अडखळतात, कारण वाचणं थांबवताच येत नाही. एकदा मुलींनी आपणहून तोच कागद इंग्रजी शब्दांचा केला. मराठी माध्यमातली मुलं इंग्रजी कागदावर कमी अडखळतात असं त्यांना वाटलं. वाटलं, ठीक आहे. मग पुढचे दोन तास काय झालं ते ऐका. आधी मराठी कागद दिला की इंग्रजी? सवयीने दुसरा कागद लवकर झाला नसेल कशावरून? निम्म्यांना क्रम उलटा द्यायला हवा. स्टॉपवॉच दाबणारी मैत्रीणच होती, तिला काय निघावंसं वाटत होतं? रंगांची नावं सांगायची कोणत्या भाषेत? एका साध्या कागदाभोवती एवढे प्रश्न उभे राहतात, आणि ते विचारायची सवय लागायला वर्षं जातात. इंजिनिअरिंगनंतर दोन महिन्यांच्या ऑनलाइन कोर्सने ती लागत नाही.

ही सवय नसली की काय होतं तेही आमच्याच क्षेत्राने पाहिलंय. २०१५ साली मानसशास्त्रातले १०० प्रयोग अनेक संशोधकांनी मिळून पुन्हा करून पाहिले. मूळ प्रयोगांपैकी ९७ टक्क्यांत परिणाम संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरलेला होता. पुन्हा केल्यावर तो ३६ टक्क्यांतच उतरला. म्हणून मी विद्यार्थ्यांना संख्याशास्त्राचा कंटाळा करू देत नाही.

विश्रामबागकर सरांशी मी सहमत आहे, पण एका अटीवर. नुसती नवीन नावाची पदवी नको. ज्या कॉलेजात प्रयोगशाळा चालू आहे आणि प्रात्यक्षिकं खरोखर होतात, तिथेच.

जतकर

तुम्ही सगळे शिकलेले आहात, मी बाप म्हणून विचारतो. माझी मुलगीही यंदा बारावीला आहे. द्राक्षाची बाग आहे, कर्ज आहे. इंजिनिअरिंगला फी किती, बँक कर्ज देते का, चार वर्षांनी पगार अंदाजे काय, हे मला कुणीही सांगतं. या विषयाचं असं कोण सांगणार? आणि ही पदवी मिळते कुठे? सांगली-कोल्हापुरात मला तरी बोर्ड दिसला नाही.

वाईकर

दादा, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो, मी सध्या याच विषयात एम.एस्सी. करतोय. मूळचा वाईचा, बी.एस्सी. गणितात.

अमेरिकेत ही पदवी १९८२पासून आहे, व्हॅसर कॉलेजने तेव्हा सुरू केली. आपल्याकडे बारावीनंतर या नावाची पदवी फार क्वचित. खरी दारं एम.एस्सी.ला उघडतात: अलाहाबाद विद्यापीठातलं केंद्र २००२ सालचं, शिवाय आयआयटी गांधीनगर, कानपूर, दिल्ली, आणि हैदराबाद विद्यापीठ. बहुतेक ठिकाणी कोणत्याही शाखेचा पदवीधर अर्ज करू शकतो. आमच्या वर्गात इंजिनिअर आहेत, बी.ए. मानसशास्त्रवाले आहेत, एक मुलगी इंग्रजी साहित्याची आहे.

त्यामुळे ‘कॉग्निटिव्ह सायन्स की एक विषय’ हा वाद सांगलीच्या मुलीपुढे त्या रूपात येतच नाही. तिच्यापुढचा प्रश्न असा, की नाव काहीही असलेल्या पदवीत ती काय काय गोळा करते. वर्गात बसल्यावर रोज लागतं ते लिनिअर अल्जेब्रा, संभाव्यता आणि पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा. त्यात गणित मागाहून भरून काढताना लोकांची दमछाक होते, हे पेठनाका यांचं म्हणणं बरोबर. पण प्रयोग मांडायची वेळ आली की इंजिनिअर मित्र अडतात आणि मानसशास्त्रवाली मुलगी पुढे होते, हेही रोज बघतो.

विषय किती जवळचा आहे त्याचं उदाहरण देतो. ‘किती’ हा शब्द बघा. ‘कि’मधली वेलांटी आपण ‘क’च्या आधी लिहितो आणि उच्चारतो नंतर. ‘ती’मध्ये दोन्ही क्रम जुळतात. मग वाचताना डोळा पहिल्या अक्षरावर जास्त थांबतो का? लहान मुलाचा आणि मोठ्याचा फरक पडतो का? डोळ्यांची हालचाल टिपणारं यंत्र असलं की हे मोजता येतं. वाचनाबद्दल जगात झालेलं बहुतेक काम इंग्रजीवर झालंय आणि इंग्रजीत ही भानगडच नाही. हे काम आपल्यापैकी कुणी करायचं नाही तर कुणी?

कृष्णाघाट

जतकर दादांच्या पोटापाण्याच्या प्रश्नावर मी बोलते, कारण वरच्या चर्चेत तो बाजूलाच राहिला.

मी मिरजेत स्पीच थेरपिस्ट आहे. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर वाचा गेलेले पेशंट माझ्याकडे येतात. एक आजोबा होते, माळकरी. ‘पाणी’ म्हणता येत नव्हतं, तांब्याकडे बोट दाखवायचे आणि चिडायचे. बोललेलं मात्र बरंचसं समजत होतं. सुनेने मोबाइलवर भजन लावलं आणि आजोबा चालीत मिसळले, ओळीच्या ओळी, शब्द स्वच्छ. सून रडायला लागली, तिला वाटलं वाचा आली. भजन थांबलं, मी विचारलं, ‘आजोबा, काय हवं?’ परत तांब्याकडे बोट.

पॉल ब्रोका यांनी १८६१ साली पॅरिसमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूच्या ज्या भागाकडे बोट दाखवलं, आजोबांच्या त्याच भागाभोवती इजा झालेली होती. चालीवर, पाठ असलेलं म्हणणं आणि मनातलं वाक्य जुळवून बोलणं या दोन गोष्टी मेंदूत सर्वस्वी एकाच वाटेने जात नाहीत. १९७३ साली बोस्टनमध्ये याच आधारावर चालीतून बोलायला शिकवायची पद्धत मांडली गेली. आम्ही ‘पा-णी’ दोन सुरांत म्हणायला लागलो, डाव्या हाताने मांडीवर ठेका धरून. काही आठवड्यांनी त्यांनी पाणी मागितलं. सगळ्यांना असा गुण येत नाही, हेही सांगते.

तर दादा, बारावी सायन्सनंतर चार वर्षांचा बीएएसएलपी हा वाचा आणि श्रवणाच्या उपचारांचा अभ्यासक्रम आहे, त्यात इंटर्नशिप धरलेली. भाषाशास्त्र, मेंदूची रचना, मानसशास्त्र, ध्वनिशास्त्र सगळं त्यात येतं. भारतीय पुनर्वसन परिषदेत नोंदणी झाली की हॉस्पिटल, शाळा, स्वतःचं क्लिनिक, तिन्ही ठिकाणी काम करता येतं. मुंबईला अली यावर जंग संस्था आहे, म्हैसूरला अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था. पुढे संशोधनाची वाट बंद होत नाही. जत, आटपाडीकडून बोलायला उशीर झालेली लेकरं दोन-दोन तास एसटीने येतात माझ्याकडे. माणसं कमी आहेत, काम पडून आहे.

पेठनाका

ताई, तुमचं वाचून थांबलो थोडा वेळ. तुमच्या वाटेला माझा काहीच आक्षेप नाही, कारण तिथे हातात एक पक्कं कौशल्य येतं. माझा आक्षेप कायम आहे तो अर्धवट मिश्रणाला.

सर, तुम्ही रुमेलहार्टचं नाव घेतलंत. त्याची १९६३ची पदवी मानसशास्त्र आणि गणित, दोन्हींची होती. नुसत्या मानसशास्त्रावर तो १९८६पर्यंत पोचला नसता.

विश्रामबागकर

आणि नुसत्या गणितावरही नसता. तेच माझं म्हणणं आहे: दोन्ही एकाच वेळी शिकला. आधी एक संपवून मग दुसरं धरलं नाही. दोन्ही सोबत असले की गणिताच्या तासाला बसतानाच आपण हे कशासाठी शिकतोय ते माहीत असतं. माझ्या वर्गात वेव्हजचा धडा कंटाळत ऐकणारी मुलं सतारमेकर गल्लीतून आल्यावर स्वतःहून गणितं सोडवायला बसली, हे मी पाहिलंय.

वाईकरांचं ऐकून एवढं बदलतो की पदवीच्या नावासाठी अडून बसायला नको. २०२०च्या शैक्षणिक धोरणाने मेजर-मायनर, म्हणजे एक मुख्य विषय आणि एक जोडविषय, आणि चार वर्षांची पदवी आलीय. गणित मेजर आणि मानसशास्त्र मायनर, किंवा उलट, अशी जोडी जिथे मिळेल तिथे तिने जावं. भाचीलाही हे दाखवलं. बीएएसएलपीबद्दल तिने मघापासून चार प्रश्न विचारलेत, कृष्णाघाट ताई, तिला तुमच्याकडे पाठवू का?

पोवई नाका

सर, जोडी कागदावर मिळाली तरी एक गोष्ट आधी तपासा. कला आणि विज्ञान शाखेची वेळापत्रकं बऱ्याच ठिकाणी एकमेकांवर येतात. गणिताचा तास आणि मानसशास्त्राचं प्रात्यक्षिक एकाच वेळी लागलं तर मायनर नावालाच उरतं. प्रवेश घेण्याआधी दोन्ही विभागप्रमुखांना समक्ष भेटा, चालू वर्षाचं वेळापत्रक मागा, आणि प्रात्यक्षिकाच्या मागच्या वर्षीच्या वह्या बघायला मागा. वह्या दाखवायला कुणी टाळाटाळ केली तर ते कॉलेज सोडा.

कृष्णाघाट

पाठवा सर. जतकर दादा, तुमच्या मुलीलाही पाठवा. शनिवारी सकाळी लहान मुलांची थेरपी असते, पालकांची परवानगी घेऊन बसू देते मी. फीचे आकडे संस्थेगणिक फार वेगळे आहेत, सरकारी आणि खाजगीत मोठा फरक पडतो, तेव्हा येताना मार्कांची यादी आणा, कुठे कुठे अर्ज करायचा ते बसून ठरवू.

जतकर

येतो ताई. बेदाण्याचं काम या आठवड्यात उरकेल, पुढच्या शनिवारी येतो. मुलीचं गणित कच्चं आहे, बायोलॉजी चांगलं आहे. तेवढ्यावर भागेल का, ते आत्ताच सांगून ठेवा.

कृष्णाघाट

बीएएसएलपीला भागेल.