मदत हवी आहे: पर्सियस समूहाच्या गाभ्यातला वायू निवायला ७१ अब्ज वर्षं?

गुहागर_सडा:
टीवायच्या मुलांचा प्रोजेक्ट गणपतीच्या सुट्टीआधी जमा करायचाय. या पावसात दुर्बीण बाहेर काढणं शक्य नाही, म्हणून चंद्रा वेधशाळेचा जुना क्ष-किरण डेटा उतरवून घेतला. पर्सियस दीर्घिकासमूहाच्या मध्यावरचा तप्त वायू किती काळात निवेल, ते काढायचंय. तापमान ६ केईव्ही (किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट, तप्त वायूचं तापमान सांगायचं ऊर्जेचं एकक), घनता दर घनसेंटिमीटरला ०.००१ इलेक्ट्रॉन धरली. उत्तर ७१ अब्ज वर्षं! विश्वाचं वय १३.८ अब्ज. मग याला शीत गाभ्याचा (म्हणजे मध्यावरचा वायू बाहेरच्यापेक्षा थंड असलेला) समूह का म्हणतात? चूक सूत्रात आहे की आकड्यांत?

खाडीपलीकडे:
सूत्र ठीक आहे: ८५ अब्ज वर्षं ÷ (घनता ÷ ०.००१) × √(तापमान ÷ १० कोटी केल्विन). १ केईव्ही म्हणजे १.१६ कोटी केल्विन, तेही बरोबर धरलंय. आकडे मात्र गाभ्याबाहेरचे आहेत. गाभ्यात तापमान ३ केईव्हीच्या आसपास आणि घनता ०.०५ घ्या, उत्तर थेट १ अब्जावर येतं. तापमान निम्मं झालं त्याने फार फरक पडत नाही, पन्नासपट घनतेने पडतो.

एकच मोठं वर्तुळ घेऊन स्पेक्ट्रम (वर्णपट) काढलात ना? तसं नको. मध्यापासून वलयं पाडा (इथे १ आर्कमिनिट, म्हणजे अंशाचा साठावा भाग, साधारण २२ किलोपार्सेक; १ किलोपार्सेक म्हणजे सुमारे ३,२६० प्रकाशवर्षं), सगळ्यात बाहेरच्या वलयापासून सुरुवात करून प्रत्येक थराचा वाटा वजा करत आत या. हे डीप्रोजेक्शन टाळलं तर समोरचा-मागचा गरम वायू मिसळून गाभ्याचं तापमान उगाच चढं दिसतं. समूहाच्या मध्यावरची दीर्घिका एनजीसी १२७५, तिचं केंद्रक आधी मास्क करा (डेटातून झाकून टाका), तो प्रकाश वायूचा नव्हे, कृष्णविवराभोवतालचा.

वेळणेश्वरी:
आणखी एक खड्डा: पर्सियस आपल्या आकाशगंगेच्या पट्ट्याजवळ आहे, वाटेतला हायड्रोजन कमी ऊर्जेचे क्ष-किरण खातो. स्तंभघनता (आपल्या नजरेच्या रेषेत येणाऱ्या हायड्रोजन अणूंची संख्या) दर चौरस सेंटिमीटरला १.४ × १०^२१ च्या आसपास ठेवा. कमी ठेवलीत तर तापमान पुन्हा चढंच येणार.

गुहागर_सडा:
१ अब्ज आलं, आभार! पण आता नवी पंचाईत. गाभ्याच्या तेजस्वितेवरून हिशेब केला तर वर्षाला शेकडो सूर्यांएवढा वायू निवायला हवा. निवलेल्या वायूतून तारे बनायला हवेत, तेवढे तारे कुठे आहेत?

खाडीपलीकडे:
नाहीतच. खरा प्रश्न हाच आहे. निवताना दाब घटतो, वरचा वायू खाली बसतो, घनता वाढते, आणि उत्सर्जन घनतेच्या वर्गाने वाढतं. एकदा सुरू झालं की थांबायला नको. पण एक्सएमएम-न्यूटन या क्ष-किरण दुर्बिणीच्या वर्णपटांत १६ इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाच्या रेषा (बऱ्याच निवलेल्या वायूची खूण) अपेक्षेपेक्षा फारच क्षीण निघाल्या. बहुतेक वायू बाहेरच्या तापमानाच्या सुमारे एक-तृतीयांशापर्यंत उतरतो, त्याखाली फारसा दिसत नाही. तुमचा आकडा ‘कुठूनही उष्णता मिळाली नाही तर’ या अटीवरचा आहे, अहवालात ती अट लिहाच.

उष्णता देतात कृष्णविवराच्या झोतांनी फुगवलेले बुडबुडे. चंद्रा वेधशाळेच्या प्रतिमेत मध्याच्या दोन बाजूंना काळपट खळगे दिसतील, तेच. मुलांकडून हिशेब करून घ्या: त्रिज्या ७ किलोपार्सेक, दाब ४.६ × १०^-१० अर्ग (ऊर्जेचं छोटं एकक) दर घनसेंटिमीटर. बुडबुडा फुगवायला लागलेली ऊर्जा, दाब × घनफळाची चौपट, म्हणजे ८ × १०^५८ अर्ग. वय १ कोटी वर्षं धरलं तर एका बुडबुड्याचे सेकंदाला २.५ × १०^४४ अर्ग, दोघांचे ५ × १०^४४. हे गाभ्याच्या तेजस्वितेशी ताडून बघा, दहाचा घात साधारण जुळतो. वय दुप्पट धरलं की शक्ती निम्मी, म्हणून दशांशाचा हट्ट नको.

वेळणेश्वरी:
ही ऊर्जा वायूत मुरते कशी, यावर मात्र वाद आहे. पेजेतल्या बुडबुड्यांसारखी ढवळाढवळ असेल तर वेग मोठे हवेत. हितोमी या जपानी क्ष-किरण उपग्रहाने २०१६ मध्ये पर्सियसच्या गाभ्यात मोजलेलं वेगाचं विचलन (वायूच्या वेगांतली पसरण) सेकंदाला फक्त १६४ किमी होतं, म्हणून ध्वनिलहरींचा पर्यायही मांडा. आणि फिनिक्स हा दुसरा दीर्घिकासमूह वगळू नका. तिथे मध्यवर्ती दीर्घिकेत वर्षाला शेकडो सूर्यांएवढे तारे खरोखर बनताहेत.