मदत हवी आहे: सातवीतल्या मुलीसाठी स्क्रॅच आधी, की थेट पायथन?

नमस्कार. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात राहतो. माझी मुलगी मराठी माध्यमात सातवीत शिकते. कापूस वेचणीचा हिशेब, म्हणजे कोणत्या बाईने किती किलो वेचला आणि तिची मजुरी किती झाली, हे वहीत तीच मांडते. तो संगणकाकडून करून घ्यावा असे तिच्याच मनात आले आणि घरच्या जुन्या लॅपटॉपवर तिने पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला सुरुवात केली.

पहिलीच अडचण मोठी निघाली. वजने विचारून बेरीज करायला लावली, तर १२ आणि १५ किलोच्या दोन गाठोड्यांचे उत्तर १२१५ आले. 'इनपुट' या विचारणाऱ्या आज्ञेने घेतलेली प्रत्येक गोष्ट पायथनच्या लेखी मजकूर असते आणि अधिकचे चिन्ह मजकुराला मजकूर जोडते. मजकुराची पूर्ण संख्या करणारी 'इंट' ही आज्ञा लावल्यावर उत्तर २७ आले. तरीही "बाबा, आकडाच लिहिला होता ना, मग तो आकडा का नाही?" या तिच्या प्रश्नाचे समाधान मला करता आलेले नाही.

नागपूरच्या भाच्याचे म्हणणे असे की, एमआयटी या अमेरिकी विद्यापीठाने २००७ साली आणलेले, मुलांसाठीचे स्क्रॅच आधी शिकवावे. तिथे पडद्यावर आज्ञांचे ठोकळे जोडायचे असल्याने कंस किंवा अपूर्णविराम (:) राहून जाण्याची भीती नसते, आणि हीच बेरीज आपोआप २७ येते. पायथनमधील चूक दाखवणारे संदेश इंग्रजीत येतात आणि तिथे ती खरोखर हिरमुसते, म्हणून हा सल्ला मला पटतो. पण ज्या प्रश्नाने तिला विचार करायला लावले, तो स्क्रॅचमध्ये समोरच येणार नाही, याचे मला वाईट वाटते.

आणखी एक शंका आहे. पायथन ३ मध्ये चलांना, म्हणजे ज्यांत किमती साठवतात त्यांना, 'वजन', 'मजुरी' अशी देवनागरी नावे देता येतात आणि त्यामुळे तिला प्रोग्राम आपलासा वाटतो. मात्र प्रत्येक ओळीत कळफलक मराठी-इंग्रजी असा बदलावा लागतो. ही सवय लागू द्यावी का?

गावात इंटरनेट टिकत नाही, त्यामुळे एकदा उतरवून घेतल्यावर विनाजोडणी चालेल असेच साहित्य सुचवावे. फोनवरून गळ घालणाऱ्या महागड्या शिकवण्या नकोत. ज्यांनी या वयाच्या, इंग्रजी कच्चे असलेल्या मुलांना स्वतः शिकवले आहे, त्यांनी मजकूर आणि संख्या यांतील फरक कसा समजावला, हे कृपया सविस्तर लिहावे.