मदत हवी आहे: इटलीत जेवणाआधीचे शाकाहारी पदार्थ

नमस्कार मंडळी. ऑक्टोबरमध्ये सासू-सासऱ्यांना घेऊन रोम, फ्लॉरेन्स आणि पालेर्मोला जातोय. दोघंही पक्के शाकाहारी, मासळीसुद्धा नाही. पास्ता-पिझ्झाचं जमेल, पण त्याआधी येणाऱ्या 'आन्तिपास्ती'ने डोकं खाल्लंय.

नाव निरागस आणि आत भलतंच! रोममधली तळलेली झुकिनीची फुलं घ्या. वरून आपल्या भोपळ्याच्या फुलांची भजी, पण आत मोझरेलासोबत अँचोव्ही हा खारवलेला मासा. फ्लॉरेन्सला 'क्रोस्तिनी तोस्कानी' म्हणजे पावावर कोंबडीच्या काळजाचं वाटण. भरलेली तळलेली ऑलिव्ह दिसली तरी आत खिमा असतो. पार्मिजानो चीजमध्येही दूध गोठवायला वासराच्या पोटातलं रेनेट असतं. सासूबाईंना हे सांगावं की नाही, तेही सुचवा!

माझ्या यादीत आतापर्यंत: रोमच्या ज्यू वस्तीतले अख्खे तळलेले आर्टिचोक (फुलाच्या कळीसारखी भाजी), भाजलेल्या पावावर लसूण घासून ऑलिव्ह तेल ओतलेली फेत्तुन्ता, आणि पालेर्मोची पानेल्ले. ही बेसन शिजवून, थापून, तळतात. सासरे खूश होतील. वांग्याची कापोनाता घ्यावीशी वाटते, पण तिच्यातही कुठे कुठे मासळी घालतात म्हणे.

तिकडे राहणाऱ्यांनी सांगा: फुलं अँचोव्हीशिवाय करून देतात का? नुसते दोन-तीन आन्तिपास्ती घेऊन पुढचं काहीच मागवलं नाही तर वेटर तोंड वाकडं करतो का? आणि 'मांस नको, मासळी नको, त्यांचा रस्साही नको' हे इटालियनमध्ये कसं सांगायचं? देवनागरीत लिहून द्या, सासरे स्वतःच बोलणार आहेत.